ओट्यावर काय टाकावं : डब्ल्यूपीसी, साग की आपली शहाबादी?

तापीकाठचा :
राम राम मंडळी. जळगावपासून बारा-तेरा किलोमीटरवर, शेताला लागून घर बांधतोय. प्लास्टर झालं, आता बाहेरचं अडलंय. पूर्वेला २० बाय १२ फुटांचा ओटा आहे, त्यावर अजून छप्पर नाही. पश्चिमेची भिंत सताड उघडी, दुपारी बारापासून दिवस मावळेपर्यंत ऊन खाते. आणि वर गच्चीचा एक कोपरा. रात्री तिथंच बसायचं, असं घर बांधायच्या आधीच सगळ्यांचं ठरलंय.

ठेकेदारानं मोबाइलवर फोटो दाखवले. तपकिरी लाकडी डेक, भिंतीला उभ्या पट्ट्यांचं क्लॅडिंग, म्हणजे बाहेरून आवरण, कोपऱ्यात कुंडी, हातात कॉफीचा मग घेतलेली बाई. बायकोला आवडलं, मलाही. वडील म्हणाले, "ओट्याला फरशी सोडून काय टाकतात का कधी?" तर डब्ल्यूपीसी (भुसा आणि प्लॅस्टिकची तयार फळी) टाकू का, साग परवडेल का, भिंतीला एचपीएल (दाबून केलेलं जाड लॅमिनेट) की दगड? बजेट थोडं ताणता येईल, पण दोनदा करायची ताकद नाही. आपल्या भागात ज्यांनी करून पाहिलंय त्यांनी आधी सांगा. पुण्याचं ऊन वेगळं.

अहिराणी_अस्सल :
भाऊ, मे महिनामा दुपारना तीनले त्या डेकवर उघडा पाय ठेवी दखाड. बठ्ठा प्रश्न मिटी जातीन.

कैरीचं_लोणचं :
पाय ठेवून झालाय, म्हणून लिहिते. भुसावळला आमच्या गच्चीवर तीन वर्षांपूर्वी डब्ल्यूपीसी टाकलं. रंग कॉफी, कारण दुकानात तोच उठून दिसत होता. दुकानात एसी होता, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात बसवलं, फळीच्या टोकाला फळीचं टोक भिडवून. मी फिटरला विचारलंही, जरा फट नको का? म्हणाला, "ताई, फट वाईट दिसते." मार्चअखेर एका दुपारी वरून 'टण्ण' असा आवाज आला. जाऊन पाहते तर एक फळी मधोमध उचललेली, मांजर आळस देताना पाठ करतं तशी, आणि तिची क्लिप उडून थेट पाण्याच्या टाकीपाशी. मे संपेपर्यंत आणखी चार उचलल्या.

दुसरं रडगाणं पावसातलं. बाजूच्या फटींतून लिंबाचा पाला, शेंगांची टरफलं, वावटळीची धूळ असं सगळं खाली जातं. पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचं पाणी जायचं तोंडच बुजलं, पाणी डेकखाली तुंबलं आणि खालच्या खोलीच्या छताला ओल आली. फळ्या काढल्या तेव्हा दोन घमेली गाळ निघाला. दुकानदार म्हणतो बसवण्यात चूक, फिटर म्हणतो माल खराब. वॉरंटीच्या कागदावर 'चुकीची बसवणी वगळून' असं बारीक अक्षरात आहेच.

आता संध्याकाळी सातनंतर बसतो. तेव्हा बरं वाटतं, खोटं का बोला.

रंधा :
धुळ्यात सुतारकाम करतो, वडिलांच्या वेळेपासून. ताई, तुमची केस बसवण्याचीच आहे, पण माल विकणाऱ्यानं हे सांगायला हवं होतं.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक, साधारण निम्मं-निम्मं, वर रंग आणि रसायनं. नावात लाकूड असलं तरी उन्हात ते प्लॅस्टिकसारखं वागतं. तीन मीटरची फळी डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांत बसवली आणि मेमध्ये तिचा पृष्ठभाग ६५ अंशांवर गेला, तर ती लांबीत ५-६ मिमी वाढते. गडद रंग भर उन्हात तेवढा तापतोच. अशा दोन फळ्या एकमेकींना भिडवल्या आणि पलीकडे भिंत असली, तर वाढायला जागा एकच, वर. खरं लाकूड उष्णतेनं लांबीत याच्या मानानं फारच कमी वाढतं. ते ओलीनं फुगतं, पण रुंदीत.

म्हणून टाकायचंच असेल तर हे बघा. टोकाला फट सोडायची, भिंतीपाशी तर बोटभर. खालच्या आडव्या पाइपांचं अंतर एका फुटाच्या वर नको. ठेकेदार दीड-दोन फूट ठेवून पाइप वाचवतात, मग दोन उन्हाळ्यांत फळीला झोळ येतो. पोकळ फळीपेक्षा भरीव चांगली. पोकळ घेतली तर टोकं बंद करा, नाहीतर आत गांधीलमाशा संसार मांडतात. वर प्लॅस्टिकचं वेगळं आवरण असलेला माल मिळतो, त्यावर तेल-हळदीचे डाग कमी बसतात. रंग फिकट राखाडी नाहीतर वाळूसारखा घ्या. रंग उडतो, तो पहिल्या वर्षात जास्त, हे धरूनच चला. आणि खालचा सांगाडा जस्त चढवलेल्या पाइपचा हवा. काळ्या पाइपला वरून नुसता रेड ऑक्साइड फासलेला चालणार नाही.

सागाचं विचारलंत. सागासारखं लाकूड नाही, पण आज 'साग' म्हणून काय मिळतं ते पाहून घ्या. सीपी साग, म्हणजे चंद्रपूर-बल्लारशाहकडचा, जुन्या झाडाचा असेल तर तेलकट असतो. हात फिरवला तरी कळतो, वास तर लपतच नाही. लागवडीतल्या कोवळ्या झाडाच्या फळीत अर्धं पांढरं लाकूड येतं. टिकतो तो तपकिरी गाभा. पांढऱ्या भागाला उधई नारळाच्या खोबऱ्यासारखी लागते. घनफुटाचा भाव ऐकून मोहात पडू नका, फळी उलटून पांढरं किती ते मोजा.

माझं म्हणाल तर मोडीव लाकूड शोधा. अमळनेर, पारोळा, धरणगाव या पट्ट्यात जुनी धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरं पडतायत. त्यांच्या तुळया आणि कड्या ऐंशी-शंभर वर्षं मातीचं ओझं वागवून आलेल्या असतात. त्यांना पीळ पडायचा तो कधीच पडून गेलाय. चिरताना खिळे फार लागतात, दोन पाती गेली म्हणून समजा. पण जी फळी निघते ना, तिच्यावर रंधा मारला की मी अजूनही पाच मिनिटं नुसता वास घेत उभा राहतो.

नाना_चोपडेकर :
रंधाभाऊ, आमचं धाबं असंच गेलं. तुळया, कड्या, वर किलचण, म्हणजे बारीक लाकडांचा थर, त्यावर खारी माती. लहानपणी उन्हाळ्यात त्या धाब्यावरच झोपायचो. मातीचं छत दिवसभर तापायचं आणि रात्री दहाला बाज टाकली की खालून गारवा यायचा. सिमेंटच्या गच्चीवर रात्री बारालाही पाठ भाजते. हे कुठल्या फळीनं भरून येणार?

ओट्याला शहाबादी टाका, खडबडीत. गुळगुळीत पॉलिश केली तर पावसात म्हातारा माणूस आडवा होतो. आमच्या ओट्याला पन्नास वर्षं झाली, दोन फरश्या फुटल्या, त्याही खलबत्ता पडून.

आणि एक. जमिनीपासून वीतभर उंच, खाली अंधार आणि ओल, असं काही शेतात बांधू नका. विंचवाला आपण आमंत्रण कशाला द्यायचं? डेक करायचाच तर खाली कुत्रं शिरेल इतका उंच करा, नाहीतर खाली पक्का कोबा करून चारही बाजू जाळीनं बंद करा.

धुक्यातला_धुळेकर :
मूळचा देवपूरचा, सध्या लंडन. ठेकेदारानं दाखवलेले फोटो इकडचे असणार. इकडे डेक म्हणजे बहुतेक पाइन नाहीतर स्प्रूस, दाबाखाली औषध मुरवलेलं. इथला शत्रू शेवाळ. लोक वसंत ऋतूत ब्रश घेऊन डेक घासत बसतात आणि ऊन आलं की त्याच डेकवर उघड्या अंगानं पडतात. मला २८ अंशांत स्वेटर शोधावासा वाटतो तो भाग निराळा. त्या फळ्यांवर ज्या खाचा असतात, त्या घसरू नये म्हणून असं सगळे समजतात, पण ओल आणि घाण त्यात अडकते आणि बुळबुळीतपणा वाढतो. आपल्याकडे त्यात धूळ बसेल आणि रोज केरसुणीनं काढावी लागेल.

क्लॅडिंगबद्दल मात्र गंभीरपणे लिहितो. जून २०१७ मध्ये इथे ग्रेनफेल टॉवर जळला, ७२ माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात फ्रीजपाशी सुरू झालेली आग बाहेर आली आणि क्लॅडिंगवरून चढत गेली. ॲल्युमिनिअमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये पॉलिइथिलीन, असं ते क्लॅडिंग होतं. २०१८ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये १८ मीटरहून उंच राहत्या इमारतींच्या बाहेरच्या भिंतींवर जळणारं साहित्य लावायला बंदी आली. तुमचं घर एकमजली आहे, बाहेर पळायला शेत आहे, म्हणून घाबरवत नाही. पण एसीपी, म्हणजे असंच दोन पत्र्यांचं पॅनेल, लावणार असाल तर आतला गाभा कसला ते लिहून घ्या. पीव्हीसीच्या पट्ट्या चुलीजवळ किंवा गॅसच्या नळीजवळ नकोत.

वास्तू_वेडी :
वाचतेय आणि बराच वेळ गप्प बसले. नाशिक आणि जळगाव दोन्हीकडे कामं करते.

तापीकाठचा, तुम्ही साहित्य विचारताय. मी आधी विचारेन, त्या जागी कोण, किती वाजता बसणार? पूर्वेच्या ओट्यावर दुपारी साधारण साडेबारापर्यंत ऊन, नंतर हळूहळू घराची सावली. त्यावर छप्पर किंवा मांडव टाकला तर शहाबादी, कोटा, टेराकोटा काहीही चालेल. बिनछपराच्या ओट्यावर काहीही टाकलं तरी मेमध्ये चपला घालूनच फिराल. डेकचे पैसे अर्धे करा आणि उरलेल्यात छप्पर करा.

ओट्याखाली काय आहे ते कुणीच विचारलं नाही. तापीकाठ म्हणजे काळी माती. उन्हाळ्यात भेगांत हात जातो, पावसात तीच माती फुगून वर उचलते. त्यावर नुसती वाळू टाकून फरशी किंवा पेव्हर बसवले तर दोन पावसाळ्यांत ओटा लाटांचा होतो. काळी माती काढा, मुरूम भरा, थराथरानं पाणी मारून ठोका, मग गिट्टीचा कोबा. हे जिथं दिसत नाही तिथं पैसे जातात, म्हणून लोकांना नको असतं.

आता पश्चिमेची भिंत, माझा आवडता विषय. त्या भिंतीवर दगड थेट चिकटवलात तर ती आणखी जाड तवा होते. दिवसभर ऊन पिते आणि रात्री नऊला, तुम्ही झोपायला जाता तेव्हा, आत सोडते. त्यापेक्षा भिंतीपासून २५ ते ४० मिमी सुटं क्लॅडिंग घ्या, खाली-वर उघडं. पोकळीतली हवा तापून वरून निघून जाते आणि खालून नवी येते. भिंतीला ऊन लागतच नाही, लागतं ते पुढच्या पडद्याला. खालच्या-वरच्या तोंडाला बारीक जाळी मात्र हवी. हे फायबर सिमेंटच्या पट्ट्यांनी होतं, एचपीएलनं होतं, सागानंही होतं. एचपीएल घेतलंत तर बाहेरच्या वापराचंच मागा, ६ मिमी किंवा जास्त जाडीचं. घरातल्या कपाटाचा लॅमिनेट प्लायवर चिकटवून 'एचपीएल' म्हणून लावलेला मी जळगावात पाहिलाय, एका पावसात त्याची पापडी झाली.

दगडच हवा असेल तर जमिनीपासून तीन फूट लावा. पावसाचे शिंतोडे, शेळ्या, मुलांचे बॉल सगळं तो सोसतो. चिकटवायला सिमेंट-वाळूचा माल नको. टाइल ॲडेसिव्हच्या पोत्यावर आयएस १५४७७ आणि टाइप लिहिलेला असतो, बाहेरच्या भिंतीसाठीचा टाइप मागून घ्या. डोक्याच्या वर जाणारा दगड असेल तर स्टेनलेसच्या क्लॅम्पशिवाय नको. आणि बोअरचं पाणी जड असेल तर दगडावर पांढरे ओघळ येणारच. ते काढायला ॲसिड वापरू नका. शहाबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे, ॲसिड त्यांनाच खातं.

रंधाभाऊ, मोडीव सागाबद्दल पूर्ण सहमत. पण उघड्या उन्हात पॉलिश करून देऊ नका हो लोकांना.

रंधा :
मी कुठं पॉलिश म्हणालो? पीयू (प्लॅस्टिकसारखा थर धरणारं पॉलिश) मारून मागणारे गिऱ्हाईक असतात, त्यांना मीच सांगतो की दुसऱ्या वर्षी साल निघेल सापासारखी. तेल द्या वर्षातून एकदा, नाहीतर काहीच देऊ नका. साग आपोआप राखाडी होतो, चांदीसारखा. वरचा रंग जातो, आतली ताकद नाही.

अळशीचं तेल दिलंत तर एक जपा. पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना तापतं आणि मे महिन्यात त्या बोळ्यातून आपोआप धूर निघतो. वडिलांच्या दुकानात एक पेटी अशीच गेली. चिंध्या दोरीवर सुट्या वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.

बाहेरून येणारं थर्मोवूडही काही लोक विचारतात. पाइन किंवा ॲश २०० अंशांच्या आसपास भाजून काढतात. ओलीत लवकर कुजत नाही, पण उधईला काही त्याचं वावडं नाही. जमिनीलगत नको.

सातपुड्याचा_वारा :
नंदुरबारकडून एक भर. धडगाव-मोलगीकडची बांबूच्या कुडाची घरं पाहा. विणलेला कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, वर पुढे आलेलं छप्पर. हे क्लॅडिंगच झालं की. मानवेल बांबू भरीव, पण कच्चा लावला तर भुंगा पीठ पाडतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून घ्या. ते औषध पावसानं धुऊन जातं, म्हणून बांबू वळचणीखालीच. उघड्यावर दोन-तीन वर्षांनी बदलायची तयारी असेल तर तट्ट्यांइतकं स्वस्त काही नाही.

अहिराणी_अस्सल :
कोणी तरी पाय ठेवी दखाडा ना भो!

तापीकाठचा :
तीन आठवड्यांनी येतोय, पण हात हलवत नाही. अस्सलभाऊंचं ऐकलं.

दुकानांतून नमुने गोळा केले आणि गच्चीवर ओळीनं मांडले : कॉफी रंगाची डब्ल्यूपीसी, फिकट राखाडी डब्ल्यूपीसी, पारोळ्याहून आणलेल्या कडीचा तुकडा, खडबडीत शहाबादी, कोटा, काळा ग्रॅनाइट आणि शेवटी फुटक्या पांढऱ्या टाइलांचा चायना मोझेक. तो गच्चीवर आधीच आहे. परवा दुपारी तीनला मी, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा अनवाणी. नियम एक, मोठ्यानं आकडे मोजायचे आणि सोसवेना झालं की उडी मारायची.

ग्रॅनाइटवर मी 'ए' म्हणालो, 'क' म्हणायच्या आत बाजूला. कॉफी डब्ल्यूपीसीवर तीन. कोटा चार, शहाबादी पाच, राखाडी डब्ल्यूपीसी सात. सागाच्या तुकड्यावर पोरगा बारापर्यंत गेला आणि वर म्हणाला, "अजून राहू?" पांढऱ्या मोझेकवर आम्ही तिघं उभे राहून पुढचं बोलत होतो, तेव्हा कळलं की मोजायचंच विसरलो.

यावर मी इथं येऊन 'दगड बाद' असं लिहिणार होतो. पण रात्री साडेनऊला पुन्हा वर गेलो. दोन्ही डब्ल्यूपीसी थंड. साग थंड. शहाबादी आणि कोटा अजून कोमट, ग्रॅनाइट तर चहाच्या कपासारखा. आणि आम्हाला गच्चीवर बसायचंय ते रात्रीच. म्हणजे कैरीताई सातनंतर बरं वाटतं म्हणतात ते बरोबर आहे.

वास्तू_वेडी :
अगदी. दगड उष्णता आत ओढून साठवतो, लाकूड ओढतच नाही. सागापेक्षा दगडातून ती दहापटीच्या आसपास वेगानं वाहते, म्हणून पायालाही तो जास्त चटका देतो. तुमचा पाय तापमान मोजत नाही, किती उष्णता किती पटकन अंगात शिरते ते मोजतो. शिवाय डेकची फळी पातळ आणि खालून हवा, म्हणून ती लवकर निवते. हा नमुन्यांचा प्रकार मी आता माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला करायला लावणार.

नाना_चोपडेकर :
पोराचे पाय भाजले नाहीत ना?

तापीकाठचा :
नाही नाना. तो दुसऱ्या दिवशी मित्र घेऊन आला.

तर ठरलं ते असं. ओट्यावर आधी छप्पर, मंगलोरी कौलांचं, मग खडबडीत शहाबादी. खालची काळी माती उपसायला सुरुवात झालीय आणि जेसीबीवाल्यानं विचारलं, विहीर खोदताय का. पश्चिमेला खाली तीन फूट दगड, वर फायबर सिमेंटच्या पट्ट्या ४० मिमी सुट्या, फिकट रंगात. ठेकेदार म्हणाला, "मागं पोकळी कशाला, पैसे वाया." त्याला हा धागा वाचायला दिला, तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून बोलतो. गच्चीवर डेक नाही. मोझेक आहे तसाच, त्यावर रंधाभाऊंकडून मोडीव सागाचे दोन उचलते पाट, सहा बाय तीनचे. पावसाळ्यात आत घेता येतील आणि पाणी जायच्या तोंडावर काही येणार नाही.

कैरीचं_लोणचं :
शहाणे आहात. आमच्या उचललेल्या फळ्या हव्यात का कुणाला? फुकट.

रंधा :
पाटांचं माप पक्कं समजू ना? कड्या दोन चिरल्या, एकीत सात खिळे निघाले. आणि नमुन्याची ती कॉफी फळी दुकानाला परत करा, ते लोक हिशोब ठेवतात.

तापीकाठचा :
माप पक्कं. फळी मात्र परत मिळणं अवघड आहे. आईनं ती उचलून नेलीय. म्हणाली, इतकी तापते तर कामाची आहे. सध्या त्यावर ओलं धोतर अंथरून बिबडे (ज्वारीचे पापड) वाळतायत. सकाळी घातले की दुपारी बारापर्यंत कडक, पूर्वी दिवस जायचा. कैरीताई, तुमच्या फळ्या किती आहेत म्हणालात?